हेड स्टार्ट : जिथे आईबापांच्या मताला किंमत आहे अशी बालवाडी

अमेरिकेत शिक्षण मोफत आहे असे आपल्याकडे सर्रास मानले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र ही मोफत शाळा बहुतेक ठिकाणी मूल पाच वर्षांचे झाल्यावर, म्हणजे किंडरगार्टनपासून सुरू होते. काही राज्यांनी आणि शहरांनी अलीकडे चार वर्षांच्या मुलांची सोय केली आहे, पण एरवी त्याआधीची वर्षे आईबापांनी स्वतःच्या खिशातून निभावायची असतात. आम्ही राहतो त्या ओहायो राज्यातील कोलंबस शहरात बऱ्यापैकी पाळणाघराचा एका मुलाचा खर्च महिन्याला सहज हजार डॉलरच्या वर जातो. ज्या घरात आई हॉटेलच्या खोल्या साफ करते आणि वडील गोदामात रात्रपाळी करतात, त्या घराला तो पेलणे शक्यच नसते. अशा घरांतील तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या पैशावर चालणारी बालवाडी येथे १९६५ पासून आहे. तिचे नाव हेड स्टार्ट.

आमच्या भागातील अशा एका केंद्रात मी मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते. निघताना माझा तेथला वेळ एका तक्त्यावर लिहून सही घेतली जाते, कारण साधारणपणे खर्चाचा ८० टक्के वाटा केंद्र सरकार उचलते आणि उरलेला २० टक्के वाटा स्थानिक संस्थेने पैसा, जागा किंवा स्वयंसेवकांचे श्रम अशा कोणत्याही रूपात उभा करायचा असतो. गोष्ट वाचण्यात गेलेला तासही त्या हिशेबात धरला जातो, हे मला फार आवडले. वर्गातील बरीच मुले भूतानमधून हाकलल्या गेलेल्या आणि नेपाळमधील छावण्यांत वर्षानुवर्षे राहून येथे आलेल्या नेपाळीभाषक कुटुंबांतील आहेत, काही सोमाली आहेत, काही याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांतील आहेत. नातवंडांना पोचवायला येणाऱ्या नेपाळी आजी माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलतात आणि आमचे छान जमते.

दुपारचे जेवण मुद्दाम पाहावे असे असते. छोट्या गोल मेजावर भाजीचे आणि भाताचे वाडगे ठेवलेले असतात. प्रत्येक मूल आपल्याला हवे तेवढे वाढून घेते आणि वाडगा शेजारच्या मुलाकडे सरकवते. दूध लहानशा भांड्यातून स्वतः ओतून घ्यायचे, सांडले तर फडके आणून स्वतः पुसायचे, आणि कोणी त्याबद्दल रागावायचे नाही. बाई त्याच मेजावर बसून तेच जेवतात आणि जेवताना मुलांशी बोलत राहतात, कारण भाषा शिकवण्याची याहून चांगली वेळ नाही असे त्यांचे मत आहे. जेवणानंतर सगळ्यांचे दात घासले जातात. नाव लिहिलेले ब्रश एका फळीत ओळीने उभे असतात. ही काही त्या एका केंद्राची हौस नव्हे. देशभरातील केंद्रांना लागू असलेल्या नियमावलीतच या गोष्टी आहेत. प्रवेशानंतर ४५ दिवसांच्या आत मुलाची दृष्टी, श्रवण आणि एकूण विकास यांची चाचणी व्हावी लागते, शिक्षिकेने वर्षातून किमान दोनदा मुलाच्या घरी जावे लागते, आणि एकूण जागांपैकी किमान १० टक्के जागा अपंगत्व असलेल्या मुलांना द्याव्या लागतात. तीन वर्षांच्या आतील बाळांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी अर्ली हेड स्टार्ट नावाची वेगळी शाखा १९९० च्या दशकात सुरू झाली.

या योजनेचा जन्म राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध पुकारलेल्या मोहिमेत झाला. जॉन्सन तरुणपणी, १९२८ च्या सुमारास, टेक्सासमधील कोटुला या गावी मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेत शिक्षक होते आणि उपाशीपोटी वर्गात येणाऱ्या त्या मुलांची आठवण त्यांनी पुढे संसदेसमोरही सांगितली. मोहिमेची सूत्रे सार्जंट श्रायव्हर यांच्याकडे होती. त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीचे अध्यक्ष रॉबर्ट कुक हे बालरोगतज्ज्ञ होते. योजनेत आरोग्य आणि आहार पहिल्यापासून का आले, याचा उलगडा त्यावरून होतो. १९६५ च्या उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा पहिला वर्ग भरला आणि त्यात देशभरातून पाच लाखांहून अधिक मुले आली.

मला मात्र या इतिहासातील मिसिसिपी राज्याचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. वर्णभेदाने पोखरलेल्या त्या राज्यात चाइल्ड डेव्हलपमेंट ग्रुप ऑफ मिसिसिपी या संस्थेने त्याच उन्हाळ्यात सुमारे ६००० मुलांसाठी केंद्रे उघडली आणि ती चालवण्याचे काम गावातील कृष्णवर्णीय आयाबायांकडे सोपवले. कालपर्यंत गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या किंवा त्यांच्या कापसाच्या शेतात राबणाऱ्या या बायका आता वर्ग चालवू लागल्या, स्वयंपाकाचे सामान खरेदी करू लागल्या, हिशेब ठेवू लागल्या. त्यांचा पगार थेट वॉशिंग्टनहून मंजूर झालेल्या पैशातून येत असल्यामुळे गावच्या मालकाला त्यांचे काम काढून घेण्याची धमकी देता येईना. साहजिकच राज्यातील बडी मंडळी खवळली. सिनेटर जॉन स्टेनिस यांनी संस्थेच्या कारभारावर हल्ला चढवला, १९६६ मध्ये तिचा निधी रोखला गेला आणि मोठ्या निषेधानंतर तो काही अंशी पुन्हा सुरू झाला. लहान मुलांना रंग आणि आकडे शिकवण्यावरून एवढे रण माजले नव्हते. गरीब पालकांच्या हाती कारभार गेला, हे खरे कारण होते.

आज कायद्यानेच तो अधिकार पालकांना दिला आहे. हेड स्टार्ट चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला पॉलिसी कौन्सिल नावाची समिती नेमावी लागते, तिच्यात शिकत असलेल्या मुलांच्या पालकांचे बहुमत असावे लागते, आणि अंदाजपत्रक, प्रवेशाचे निकष, निधीसाठीचा अर्ज, कर्मचाऱ्यांविषयीची धोरणे यांवर तिची मान्यता घ्यावी लागते. अशा एका बैठकीला मला पाहुणी म्हणून बसता आले. बस लवकर सोडण्याचा प्रस्ताव होता. हॉटेलात काम करणाऱ्या एका नेपाळी आईने दुभाष्यामार्फत सांगितले की तिची पाळी तीन वाजता सुटते, त्यामुळे बस अडीचला आली तर मुलाला उतरवून घ्यायला घरी कोणी नसेल. दुसऱ्या दोघींनी तिला दुजोरा दिला. संचालिकाबाईंनी ड्रायव्हरच्या पगाराचे आकडे मांडले, बरीच घासाघीस झाली, मतदान झाले आणि प्रस्ताव पडला. त्या आईने मत देताना हात अगदी सरळ वर धरला होता. छावणीत जिचे शिधापत्रकावरचे नावही दुसरे कोणीतरी ठरवत असे, ती आता सरकारी पैशाच्या वापरावर मत देत होती, आणि ते मत मोजले जात होते.

हेड स्टार्टचा उपयोग किती, यावर येथे पन्नासहून अधिक वर्षे वाद चालू आहे. चिठ्ठ्या टाकून सुमारे पाच हजार मुलांचे दोन गट पाडून केलेल्या सरकारी पाहणीत असे दिसले की बालवाडीच्या अखेरीस आढळलेली शैक्षणिक आघाडी तिसरीपर्यंत जवळपास मावळते. विरोधक हाच निष्कर्ष पुढे करतात. उलट, एकाच घरातील भावंडांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत हेड स्टार्टला गेलेले भावंड हायस्कूल पुरे करण्याची शक्यता अधिक असल्याचे दिसले आहे. योजनेच्या आरंभापासून तिच्याशी जोडलेले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड झिगलर यांनी तर बुद्ध्यंक वाढला की नाही यावर तिचे यश मोजू नये असे सातत्याने सांगितले. मला त्यांचे म्हणणे पटते. ज्या मुलाला चष्म्याची गरज आहे हे चौथ्या वर्षीच कळले, ज्याच्या किडलेल्या दाढेवर वेळेत उपचार झाले, त्याचा लाभ तिसरीच्या वाचनाच्या परीक्षेत शोधत बसणे मला चुकीचे वाटते.

आपल्या वाचकांना हे सगळे वाचताना अंगणवाडी आठवली असेल, आणि ते योग्यच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली. म्हणजे मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार हेड स्टार्टच्या २० वर्षे आधी आपल्याकडे कृतीत उतरला होता. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतही पूरक आहार, लसीकरण आणि गरोदर मातांची काळजी हे सारे आहे, आणि तिची व्याप्ती अमेरिकेतील योजनेपेक्षा कितीतरी मोठी आहे. येथे पात्र मुलांपैकी निम्म्यांनाही जागा मिळत नाही. दोन्हीकडची एक दुखरी बाजू मात्र सारखीच आहे : मुलांना सांभाळणाऱ्या बायकांचा मोबदला. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना मानधनवाढीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये संपावर जावे लागले, आणि येथील हेड स्टार्टच्या शिक्षिका सार्वजनिक शाळेतील शिक्षकांपेक्षा बऱ्याच कमी पगारावर काम करतात. आपल्याकडे माता समित्या आहेत, पण अंदाजपत्रक त्यांच्या मतावाचून अडल्याचे माझ्या गावात मी कधी पाहिले नाही. ते अडायला हवे, असे मला मनापासून वाटते.

प्रवेशाचा मुख्य निकष उत्पन्नाचा आहे आणि त्यात एक पेच आहे. २०२५ साठी चार माणसांच्या कुटुंबाची सरकारी दारिद्र्यरेषा वर्षाला ३२,१५० डॉलर होती. बेघर आणि सरकारी पालकत्वाखालील मुलांना तसेच अन्नसाहाय्य घेणाऱ्या कुटुंबांना उत्पन्न न पाहता प्रवेश मिळतो, पण ज्या घरात दोघेही किमान वेतनापेक्षा थोडे अधिक कमावतात ते घर ही रेषा ओलांडते आणि तरीही खासगी पाळणाघराच्या आसपास फिरकू शकत नाही. गरजू मुलांची सोय झाल्यावर रेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या काही कुटुंबांना घेण्याची मुभा केंद्रांना आहे, आणि एकदा प्रवेश मिळालेल्या मुलाला पुढील वर्षी घरातील उत्पन्न वाढले म्हणून काढता येत नाही. त्या नेपाळी आईला अलीकडे पर्यवेक्षिकेची बढती मिळाली तेव्हा तिने आधी केंद्रात येऊन हाच नियम विचारून घेतला, आणि मगच हॉटेलात होकार कळवला.