तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्ससाठी डिस्कचे किती भाग पाडू?

लिनक्स टाकताना पार्टिशनच्या पडद्यापाशी आलं की बहुतेकांचा हात थबकतो आणि मला विचारणा होते, ‘रूट, बूट, होम, स्वॅप, सगळं वेगवेगळं करू का?’ (रूट म्हणजे खुद्द सिस्टिम, बूट म्हणजे ती सुरू करणाऱ्या फाइल्स, होम म्हणजे तुमच्या फाइल्स, स्वॅप म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा.) आकडा सांगण्याआधी मी उलट विचारतो, हे पार्टिशन वाचणार कोण? मशीन सुरू होताना डिस्क आळीपाळीने वेगवेगळे जण वाचतात आणि प्रत्येकाला सगळंच वाचता येतं असं नाही.

पहिला नंबर यूईएफआय फर्मवेअरचा, म्हणजे मशीन चालू होताच जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरचा. त्याला हमखास कळते ती फॅट ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल्स मांडण्याची पद्धत), लिनक्सची नेहमीची एक्स्ट4 त्याच्या गावीही नसते. म्हणून ईएफआय सिस्टिम पार्टिशन फॅट32 मध्ये वेगळं ठेवावंच लागतं. तिथून ग्रब हा बूटलोडर उचलला जातो आणि तो कर्नल (सिस्टिमचा गाभा) व इनिटरॅमएफएस (रूट शोधून जोडून देणारी सुरुवातीची फाइल) मेमरीत आणतो. ग्रबला एक्स्ट4 वाचता येते, त्यामुळे साध्या मांडणीत वेगळं /बूट लागत नाही. रूट लुक्सने (लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट केलंत तर मात्र ते घ्या. त्याची नवी आवृत्ती लुक्स2 उघडणं ग्रबला पुरतं जमत नाही, इनिटरॅमएफएसला ते सहज जमतं. पण ती फाइल आधी कुठेतरी उघड्यावर मिळायला हवी ना!

जुन्या बायोसच्या (यूईएफआयच्या आधीच्या फर्मवेअरच्या) मशीनवर जीपीटी हा नव्या पद्धतीचा पार्टिशन-तक्ता वापरणार असाल, तर ग्रबसाठी 1 एमबीचं बायोस बूट पार्टिशन सोडा. त्यावर फाइल सिस्टिम घालायची नसते.

वेगळं /बूट केलंत तर त्यात कंजुषी करू नका, हे मी पोळून सांगतोय. एका मशीनवर मी ते 200 एमबीचं ठेवलं होतं. दर अपडेटला नवा कर्नल येई, जुने तसेच राहत. एके दिवशी अपडेटच्या शेवटी ‘डिव्हाइसवर जागा उरलेली नाही’ अशी ओळ आली. मी ती वाचली आणि तरीही रीबूट केलं. इनिटरॅमएफएस अर्धवट लिहिली गेली होती, कर्नलला रूट सापडेना, पडद्यावर कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकले. ग्रबच्या मेनूतल्या प्रगत पर्यायांत जुना कर्नल शाबूत होता म्हणून निभावलं. त्यातून आत शिरलो, पॅकेज मॅनेजरने दोन जुने कर्नल काढले, इनिटरॅमएफएस नव्याने बनवली. तेव्हापासून मी /बूटला 1 जीबी देतो.

/होम बूट होताना कोणालाच लागत नाही. ते वेगळं करायचं तुमच्या सोयीसाठी. मी करतो, कारण उद्या डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखा लिनक्सचा प्रकार) बदलली तर रूट पुसता येतं आणि माझ्या फाइल्सना धक्का लागत नाही. पण डिस्क लहान असेल तर करू नका. रूट तुडुंब आणि /होम अर्धं रिकामं, अशी वेळ आली की भिंत सरकवणं जिकिरीचं होतं. एक्स्ट4 लहान करायची तर ती आधी अनमाउंट करावी लागते. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम घेतलीत तर सबव्हॉल्यूममध्ये (एकाच पार्टिशनमधल्या कप्प्यांत) रूट आणि होम एकाच जागेतून खातात. मला ती मांडणी जास्त पटते.

स्वॅपसाठी बहुतेकांना फाइल पुरते. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद) करणार असाल तर रॅमएवढं स्वॅप पार्टिशन ठेवा, तेच सोपं पडतं.

आणि एक, जे कोणी विचारत नाही. स्वॅप पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं की त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो, पण एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) जुनाच राहतो. मग बूट होताना मशीन त्या नसलेल्या स्वॅपची दीड मिनिट वाट बघत बसतं, आणि माणसाला वाटतं डिस्क गेली. डेटाची जादा डिस्क असेल तर एफएसटॅबमधल्या तिच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) घाला, नाहीतर ती काढल्या दिवशी सिस्टिम थेट इमर्जन्सी मोडमध्ये उतरते. एफएसटॅबला हात लावलात की रीबूटच्या आधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा. चुकलेली ओळ तिथेच दिसते.