तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा निवडून दिलेला कमिशनर

इंग्लंडहून पुण्याला आले की कोणी ना कोणी विचारतंच, "तुमच्याकडे म्हणे पोलीस कमिशनर मतं देऊन निवडतात? मग पोलीस पुढाऱ्यांच्या खिशात नाही जात?"

आधी घोळ मिटवते. आपल्याकडचा कमिशनर आयपीएस, खाकीतला. इथे शेफिल्डला 2024पर्यंत 'पोलीस अँड क्राइम कमिशनर' असायचा, तो साध्या कपड्यातला. दलाचं बजेट, कौन्सिल टॅक्समधला (इथली घरपट्टी) पोलिसांचा वाटा, चीफ कॉन्स्टेबलला म्हणजे दलाच्या प्रमुखाला नेमणं-काढणं हे त्याच्या हातात. अमक्याला पकडा, तमक्याला सोडा असं मात्र तो सांगू शकत नसे.

पहिली निवडणूक 15 नोव्हेंबर 2012ची. भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं (कॉमनवेल्थची कृपा), म्हणून हौसेनं गेले. मतपत्रिकेवर पहिल्या-दुसऱ्या पसंतीचे दोन रकाने, दोरीला बांधलेली पेन्सिल, आणि केंद्रात मी नि दोन पेंगुळलेले कर्मचारी. इंग्लंड-वेल्स मिळून मतदान जेमतेम 15 टक्के. वेल्समध्ये न्यूपोर्टच्या एका केंद्रात तर एकही मत पडलं नाही.

आमच्याकडे शॉन राइट निवडून आले. ऑगस्ट 2014मध्ये शेजारच्या रॉदरहॅम गावाबद्दलचा अहवाल आला: 16 वर्षांत किमान 1,400 मुलांचं लैंगिक शोषण. पूर्वी तिथे नगरसेवक असताना मुलांचं खातं राइट यांच्याकडेच होतं. त्यांचा लेबर पक्ष म्हणाला, जा. ज्यांनी कमिशनर निवडायचा कायदा आणला त्या गृहमंत्री थेरेसा मेही म्हणाल्या, जा. राइट यांनी पक्ष सोडला, खुर्ची नाही. त्यांना काढायची सोय कायद्यातच नव्हती! तीन आठवडे तमाशा चालला, मग सप्टेंबरमध्ये आपणहून गेले.

पोटनिवडणुकीत आले अ‍ॅलन बिलिंग्ज, पेशानं पाद्री. एप्रिल 2016मध्ये हिल्सबरो दुर्घटनेतल्या (1989, इथल्या फुटबॉल स्टेडियममधली चेंगराचेंगरी) मृत्यूंचा निकाल लागला, त्यात पोलिसांवर ठपका आला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी चीफ कॉन्स्टेबलला निलंबित केलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. पुढच्या वर्षी हायकोर्टानं ते निलंबनच बेकायदा ठरवलं.

तेव्हा खिशाचं म्हणाल, तर पोलीस काही खिशात गेले नाहीत. एकदा निवडलेला कमिशनर मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत आमच्याही हाताबाहेर होता, आणि ते मला जास्त खुपतं.

2024पासून आमच्याकडे हे काम मेयरकडे गेलंय. बाकी ठिकाणचीही कमिशनरची पदं 2028मध्ये बंद करायचं सरकारनं जाहीर केलंय. मार्चमध्ये टॅक्सचं बिल येतं, त्यात पोलिसांची वेगळी ओळ अजून असते. आकडा कमी झालेला मी काही पाहिला नाही.