पेन्सिलीचे थोटूक आणि वेगळा कप

महात्मा गांधींचे नातू अरुण गांधी यांचे २ मे २०२३ रोजी आमच्या कोल्हापुरात निधन झाले. तेव्हा ते ८९ वर्षांचे होते. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनजवळच्या फिनिक्स आश्रमात लहानाचे मोठे झालेले, पुढे अनेक वर्षे मुंबईत पत्रकारिता केलेले आणि १९९१ मध्ये पत्नी सुनंदा यांच्यासह अमेरिकेतील मेम्फिस शहरात अहिंसेच्या शिक्षणासाठी संस्था उभी केलेले हे गृहस्थ अखेरीस आपल्या गावात विसावले, ही बातमी वाचून मी त्यांच्या आठवणी नव्याने वाचायला घेतल्या. महाराष्ट्राशी त्यांचे नाते आजोळचेही होते. त्यांच्या आई सुशीलाबेन अकोल्याच्या मश्रूवाला कुटुंबातल्या, गांधीवादी विचारवंत किशोरलाल मश्रूवाला यांच्या पुतणी. अरुण यांचे वडील मणिलाल गांधी यांच्याशी त्यांचा विवाह १९२७ मध्ये अकोल्यातच झाला.

वर्णद्वेषाच्या त्या देशात अरुण यांना गोऱ्या मुलांनी मारले ते काळा म्हणून आणि काळ्या मुलांनी मारले ते त्यांच्याइतका काळा नाही म्हणून. उलटून मारण्याच्या ईर्ष्येने हा मुलगा व्यायाम करून अंग कमावू लागला. त्याच्या मनातला राग ओळखून आईवडिलांनी बाराव्या वर्षी, १९४६ मध्ये, त्याला आजोबांकडे सेवाग्रामला आणले.

पेन्सिलीची हकीकत याच मुक्कामातली. शाळेतून परतताना, आता नवी मिळेलच अशा खात्रीने, त्याने हातातले पेन्सिलीचे थोटूक रस्त्याकडेला फेकून दिले. रात्री आजोबांकडे नवी पेन्सिल मागितली, तेव्हा त्यांनी प्रश्नांमागून प्रश्न विचारले आणि शेवटी हातात बॅटरी देऊन ते थोटूक शोधून आणायला पाठवले. ते सापडायला दोन तास लागले. परत आल्यावर आजोबांनी सांगितले की, एवढीशी वस्तू करायलाही निसर्गातले किती काही खर्ची पडते, म्हणून ती टाकून देणे ही निसर्गावरची हिंसा आहे. आणि आपण गरजेपेक्षा जास्त वापरतो तेव्हा ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याचे असते, म्हणून ती माणसांवरचीही हिंसा आहे.

ही गोष्ट शाळांमधून काटकसरीचा पाठ म्हणून सांगितली जाते, ते मला अपुरे वाटते. आजोबांनी नातवाला उपदेश करून सोडले नाही, तर अंधारात दोन तास वाकून शोधण्याचे काम दिले आणि बोलायचे ते त्यानंतर बोलले. मला महत्त्व वाटते ते या क्रमाचे.

त्यांनी दिलेले दुसरे काम अधिक अवघड होते. वंशवृक्ष काढतात तसा हिंसेचा वृक्ष भिंतीवर काढायचा. त्याला दोन फांद्या, एक शारीरिक हिंसेची आणि दुसरी अप्रत्यक्ष, म्हणजे हात न उगारता कोणाला दुखावणाऱ्या, हिंसेची. दिवसभरात जे पाहिले, जे स्वतः केले, ते रोज त्या त्या फांदीखाली लिहायचे. मारहाण, खून, युद्ध यांची फांदी लवकरच वाढेनाशी झाली. अप्रत्यक्ष हिंसेची फांदी मात्र भिंतभर पसरत गेली, असे अरुण गांधींनी सांगितले आहे. हीच हिंसा समोरच्याच्या मनात राग साठवते आणि त्या रागातून मारहाण जन्माला येते, हे आजोबांना दाखवायचे होते.

सत्याचा धडा त्यांना चार वर्षांनी, वडिलांकडून मिळाला. सोळा वर्षांच्या अरुणने चित्रपटात रमून वडिलांना घ्यायला जायला उशीर केला आणि गाडी गॅरेजमध्ये तयार नव्हती, अशी थाप मारली. मणिलाल यांनी गॅरेजमध्ये आधीच चौकशी केली होती. ते रागावले नाहीत. मुलाला खरे बोलण्याचे धैर्य वाटू नये, असे आपल्या वाढवण्यात काय चुकले याचा विचार करत चालतो, असे म्हणून ते अठरा मैल, म्हणजे सुमारे २९ किलोमीटर, अंधारातून घरी चालत गेले आणि मुलगा पाच तासांहून अधिक काळ गाडी हळूहळू त्यांच्यामागे चालवत राहिला. फिनिक्समधल्या दोघांच्या नैतिक चुकीसाठी गांधीजींनी स्वतः सात दिवस उपवास केल्याचे त्यांच्या आत्मकथेत आहे. मणिलाल यांचे ते चालणे त्याच उपवासाच्या कुळातले आहे. शिकवण आजोबांची, नातवापर्यंत ती मुलाच्या पावलांनी पोहोचली.

हे सारे मी माझ्या दहा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवले, तेव्हा तिने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तसाच वृक्ष काढून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. पहिले काही दिवस पानात टाकलेली भाजी, वर्गातल्या मुलीला ठेवलेले नाव, ‘आई घरी नाही म्हणून सांग’ असे मी तिला फोनवर सांगायला लावलेले, अशा नोंदी झाल्या. मग एका संध्याकाळी तिने लिहिले : ‘मावशींचा कप वेगळा.’

आमच्याकडे अकरा वर्षे धुण्याभांड्याचे काम करणाऱ्या मावशींचा स्टीलचा कप खिडकीत पालथा ठेवलेला असतो. सासूबाईंच्या काळापासूनची ती पद्धत मी कधी मोडली नाही आणि ती दिसली नाही असेही म्हणू शकत नाही. त्यांना तोच कप आवडतो, असे मुलीला सांगण्यासाठी मी तोंड उघडलेही होते. ते खोटे होते, आणि ते बोलले असते तर त्याच कागदावर दुसरी नोंद झाली असती. मी तिला सांगितले की, हे चुकीचे आहे आणि मला ते ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना आमच्या नेहमीच्या कपातून चहा दिला. ‘ताई, माझा कप कुठं गेला?’ त्यांनी विचारले. यापुढे सगळ्यांचे कप एकच, असे मी म्हणाले आणि इतकी वर्षे तसे केले नाही, याबद्दल त्यांची क्षमा मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. चहा पिऊन त्यांनी तो कप दोनदा विसळला आणि फळीवर न ठेवता खिडकीत, जुन्या जागी पालथा घातला. पुढचे कितीतरी दिवस हेच चालले; मी कप उचलून फळीवर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खिडकीत दिसायचा.

मुलीने ती नोंद अजून खोडलेली नाही, आणि मीही तिला खोडायला सांगितलेले नाही.