उन्हामागून खुर्ची

परवा दुपारी साडेतीनच्या सुमारास खुर्चीच्या पायाला ऊन लागलं. खुर्ची कुठे गेली नव्हती, ती जूनपासून एकाच जागी आहे. ऊनच तिच्यापर्यंत आलं. आधी ते खिडकीच्या कट्ट्यावरच रेंगाळायचं, मग खालच्या पहिल्या लादीवर उतरलं, आणि आता तिसरी लादी ओलांडून पुढच्या डाव्या पायाशी पोचलं होतं. त्या पायाचं पॉलिश केव्हाच उडालंय, हे मला त्या उजेडात पहिल्यांदा दिसलं.

नेमकं तेव्हाच माझ्या मांडीवर एक मासिक उघडं होतं, आणि त्यात शरद ऋतूसाठी घर कसं सजवावं यावर एक लांबलचक रंगीत लेख होता. सोफ्यावर दोन थ्रो, म्हणजे शोभेच्या शाली, खाली जाड गालिचा, कोपऱ्यात वाळक्या गवताचे तुरे, टेबलावर चार भोपळे. भोपळे कशाला, हे विचारायचं नसतं. रंग म्हणाल तर टेराकोटा, मस्टर्ड, ऑलिव्ह आणि रस्ट. विटकरी, मोहरी, शेवाळी म्हटलं की माझं घरही त्यात खपून जातं. पण रस्ट? ट्रंकेच्या कडीवरचा गंज मी दरवर्षी पॉलिश पेपरने घासघासून काढते, आणि इकडे त्याच रंगाची उशी मुद्दाम मागवायची!

शरद हा शब्दही जरा फसवाच. शरद म्हटलं की आपल्याला चांदणं आठवतं. पानं गळायची ती शिशिरात. त्या फोटोंमधून मात्र लाल-पिवळी पानं नुसती सांडत होती. या पानांची एक गंमत मला फार आवडते. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली दडून. दिवस लहान व्हायला लागले की झाड हरितद्रव्य मोडीत काढतं आणि तो पिवळा उघडा पडतो. लाल मात्र बहुतेक नवाच असतो, त्याच दिवसांत तयार झालेला. आमच्या घरचा कारभार पिवळ्या पानांचा होता. नवीन काही आणायचं नाही, आहे तेच वर काढायचं.

वर काढायचं म्हणजे पलंगाखालची ट्रंक ओढायची. आई झाकण उघडायची आणि डांबरगोळ्यांचा वास आधी माझ्या नाकात, मग डोळ्यांत जायचा. गोळ्या कागदाच्या पुड्यांमध्ये बांधलेल्या असत. पुडी तशीच, पीळ तसाच, आणि आत काहीच नाही. डांबरगोळी वितळत नाही, सरळ हवेत उडून जाते, हे शाळेत नंतर शिकले. तोवर दरवर्षी मी एकेक पुडी सोडून बघायचे आणि दरवर्षी फसायचे. आईला संशय होता की गोळ्या मीच घेते.

मग जाड पडदे निघत, त्यांच्याखाली गोधड्या. त्यातल्या एका गोधडीत माझ्या फ्रॉकचा एक चौकोन होता, बदकांचा. बदकांची डोकी शिलाईत गेली होती, नुसती अंगं राहिली होती. ती गोधडी मलाच हवी असे, आणि ती बदकं तोंडाकडेच यायला हवीत असा हट्टही असे. (अजूनही पांघरुणाची पायाकडची बाजू चुकून तोंडाकडे आली तर मला झोप लागत नाही. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.)

पडदे बदलणं ही नुसती सुरुवात. खरा कार्यक्रम पुढे. आई पदर खोचायची आणि म्हणायची, "धर ते टोक." कपाटाच्या पायाखाली जुनं पोतं सारायचं, की कपाट मुकाट चालू लागतं. लिहायचं टेबल उन्हात आलं पाहिजे. पलंगाची उशाकडची बाजू खिडकीपासून लांब गेली पाहिजे, पहाटेचा गारवा डोक्याला नको. आणि बाबांची खुर्ची अशी हवी, की चार वाजता ऊन त्यांच्या गुडघ्यावर पडेल पण वर्तमानपत्रावर नाही. यासाठी ती आदल्या दोन दिवसांत खडूने फरशीवर खुणा करून ठेवायची. तीनचं ऊन इथवर, चारचं इथवर. पुसताना त्या खुणा पुसल्या तर मला बोलणी बसत.

तिला कुणी भूगोल शिकवला नव्हता, पण तिचं वेळापत्रक अचूक होतं. जूनमध्ये सूर्य आठवडेच्या आठवडे जवळजवळ एकाच ठिकाणी अडून बसतो. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र सारखी होण्याच्या सुमारास मात्र त्याला घाई सुटते, रोज सुमारे ०.४ अंश तो दक्षिणेकडे सरकतो. म्हणून एखाद्या आठवड्यात ऊन अख्खी लादी खाऊन टाकतं. पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात हीच लगबग मार्चमध्ये, आणि तिथे ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येणार. तिथल्या आया खुर्च्या उलट्या दिशेने ओढत असतील.

एकदा बाबांना या बेताची कल्पना नव्हती. संध्याकाळी आले, दिवा न लावता चपला काढल्या आणि सवयीने बसायला गेले. खुर्ची तिथे नव्हती. नशिबाने गोधड्यांचा ढीग होता.

"अहो, दिवा तरी लावायचा!" आई आतून धावत आली.

बाबा त्या ढिगातूनच म्हणाले, "घर आपलंच आहे ना, तेवढं सांग."

मला आईसारखं जमत नाही. मागे एकदा असाच लेख वाचून खोलीत ऊबदार उजेड करायचं मनावर घेतलं. बल्बच्या खोक्यावर उजेडाच्या रंगाचे आकडे होते, केल्विनमध्ये. मोठा आकडा म्हणजे जास्त ऊब, असा सरळ हिशेब करून मी ६५०० केल्विनचा बल्ब आणला. हा हिशेब उलटा असतो. पिवळा, मऊ उजेड हवा तर २७०० घ्यायचा. त्या रात्री माझी खोली शस्त्रक्रियेच्या खोलीसारखी दिसत होती आणि विटकरी अभ्रा चक्क जांभळट. बल्ब अजून आहे, माळ्यावर. लेखांवरचा माझा राग तेव्हापासूनचा असावा, चूक माझी असली तरी.

तर परवा ते ऊन पायाशी आलेलं बघितलं आणि मासिक मिटलं. थ्रो नको, तुरे नकोत, खुर्ची तेवढी दीड लादी पुढे घेऊ, म्हणजे आईच्या गुडघ्यांवर ऊन येईल. आई आता माझ्याकडेच असते. पोतं काही मिळालं नाही, तशीच ओढायला लागले. लादीवर कर्रकन आवाज झाला.

"काय गं ओढतेयस?" आतून.

"खुर्ची. तुझ्यासाठीच. उन्हात घेते जरा."

थोडा वेळ काही आवाज नाही. मग ती भिंतीला हात लावत दारापर्यंत आली.

"नको हलवूस. रात्री उठते तेव्हा पलंगापासून चार पावलं, मग खुर्चीची पाठ, मग दाराची चौकट. हात आपोआप जातो. ती हलवलीस तर मी धरू कशाला?"

मी खुर्ची मागे ढकलली. जागेवर नीट आली का, हे बघायला खाली वाकले. मागचा पाय लादीच्या सांध्यावर हवा, जूनपासून तिथेच आहे. दोन बोटं उरली होती, तेवढी सरकवली. आईने येऊन खुर्चीच्या पाठीवर एकदा हात ठेवून बघितला, आणि आत गेली.

उठून पाहिलं तर ऊन खुर्चीवरून पुढे गेलं होतं.