तेल खोडलं, मग अर्ज सुटला

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे बाबांनी बाहेरूनच हाक मारली, "अगो, रॉकेल आसा काय घरात?" रॉकेल आमच्या घरातून कधीच हद्दपार झालंय. मी खोबरेलाची बाटली घेऊन पडवीत आले. बाबा पायरीवर बसले होते, दोन्ही पाय घोट्यापर्यंत काळे. शेजारी कांडाळीचं, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं लावायचं जाळं ओल्या गाठोड्यासारखं टाकलं होतं. डांबरी रस्त्याचं काम चालू असताना येतो तो वास अंगणभर पसरला होता. बाबा एवढंच म्हणाले, "जाळां गेलां गो."

जाळ्यात डांबराचे गोळे अडकले होते. मी एक उचलून बघितला. वरून वाळू आणि शिंपल्यांचा चुरा लागलेला, रव्यात घोळवलेल्या लाडवासारखा. अंगठ्याने दाबला तर आत चकचकीत काळं, आणि ते अंगठ्यावरून दोन दिवस गेलं नाही. पायावरचं खोबरेलाने निघतं. नायलॉनच्या गाठीत शिरलेलं निघत नाही. रॉकेलात बुडवलं तर त्याचा वास धाग्याला धरतो आणि त्या जाळ्यातला बांगडा बाजारात कोणी हातात धरत नाही.

गाव उत्तर गोव्यातलं. नाव लिहीत नाही, कारण यातली बरीच माणसं मला रोज भेटतात.

डांबर आम्हाला नवं नाही. मे संपताना वारा फिरला की दरवर्षी थोडंफार येतंच. खोल समुद्रातून जाणारी जहाजं टाक्या धुतात, मळी पाण्यात सोडतात आणि नैर्ऋत्येचा वारा ती आमच्या दारात आणून टाकतो. तेलवाहू जहाजाने किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांच्या आत असलं पाणी सोडायचंच नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण रात्री अंधारात मैल मोजायला कोण जातंय? दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या गोळ्यांवर बरीच वर्षं काम केलंय. काही गोळे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या बॉम्बे हायच्या कच्च्या तेलाशी जुळले, काही टँकरच्या धुण्याशी. म्हणजे तेलालाही बोटांसारखे ठसे असतात. ते घ्यायला मात्र कोणीतरी वेळेवर यावं लागतं.

आमच्याकडे आधी पुढारी आले. सत्ताधारी बाजूचे दुपारी, गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून. विरोधी बाजूचे दुसऱ्या दिवशी सकाळी, अनवाणी. अनवाणी आलेल्यांचे फोटो जास्त चांगले आले. दोघांनीही बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि "सरकारदरबारी मांडतो" म्हणाले. एकाने वर भाषण ठोकलं की हे सगळं केरळच्या त्या जहाजाचं पाप.

25 मे 2025 ला कोचीजवळ एमएससी एल्सा 3 हे कंटेनर जहाज बुडालं होतं, त्यामुळे ते नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. बाबा तिथेच पुटपुटले, "पावसात पाणी हंयसून खाली जाता. थंयसून वर कसां येतला?" बरोबरच होतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. शाळा सहावीत सोडलेल्या माणसाला जे कळत होतं ते माईक हातात असलेल्याला कळत नव्हतं. किंवा कळत होतं, पण केरळ सोयीचं होतं, कारण लांबच्या जहाजाला शिव्या घातल्या की इथल्या कोणाला काही करावं लागत नाही.

साफसफाई सुरू झाली ती हॉटेलांसमोरच्या वाळूपासून. आमच्या होड्या लागतात त्या टोकाला माणसं चौथ्या दिवशी आली. गोळे प्लास्टिकच्या पोत्यांत भरले आणि पोती वर केवणीच्या झुडपात ठेवली. ती तिथेच राहिली. उन्हं पडली तशी पाझरू लागली.

घरात शिकलेली मी. म्हापशाला एका दुकानात हिशेब बघते. म्हणून अर्ज लिहायचं माझ्याकडे आलं. मी मनात म्हटलं, महिनाभराचं काम. जाळ्यावर आमचे 40 हजार गेले होते. शिवाय जून-जुलैमध्ये ट्रॉलर बंद असतात आणि आमच्यासारख्या 10 अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाच्या कांडाळीच्या होड्यांना मुभा असते. वर्षात हेच दिवस असे, की बाजारात आमच्या मासळीला भाव असतो. ते दिवसही गेले.

पहिल्या कचेरीत सांगितलं, नैसर्गिक आपत्तीच्या यादीत वादळ आहे, पूर आहे, आग आहे, तेल नाही. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, समुद्रातलं तेल तटरक्षक दलाकडे. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, तुम्ही पाण्यात होता की वाळूवर? मी म्हटलं, जाळं पाण्यात होतं, बाबा वाळूवर होते. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी थट्टा करते आहे.

थट्टा नव्हतीच. 1996 पासून देशाची तेलगळती आपत्ती योजना आहे. समुद्रातल्या कारवाईचं समन्वयन तटरक्षक दलाकडे, बंदराच्या हद्दीत बंदराकडे आणि किनाऱ्यावर लागलेलं तेल उचलायची जबाबदारी राज्याकडे. कागदावर स्वच्छ वाटणी आहे. फक्त भरतीची रेषा जिथे हलते तिथे जाळं लावून बसलेला माणूस कोणाच्या वाटणीला येतो हे त्या कचेऱ्यांत मला कोणी सांगितलं नाही.

मग 10 रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. विचारलं एवढंच, की नमुने कोणी घेतले आणि ते कुठे पाठवले. अर्ज दुसऱ्या कचेरीकडे वर्ग करायचं कलम 6(3) आहे, त्याखाली एकाने तो दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. शेवटी उत्तर आलं : माहिती उपलब्ध नाही. माझा अंदाज, नमुनाच घेतला नव्हता.

आमच्या घरी मात्र नमुना होता. दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने प्रयोगशाळेत नोकरी केलेली. त्यांना सहज सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, प्लास्टिकचा अंश तेलात उतरतो. काचेची बाटली धुऊन सुकवा. झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद लावा. तारीख, वेळ, जागा लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. आणि थंडीत, अंधारात ठेवा." आईच्या लिंबाच्या लोणच्याची बाटली रिकामी केली. साक्षीदार म्हणून शेजारच्या काकांनी सही केली आणि वहिनीने अंगठा. वहिनीला सही येते, पण म्हणाली अंगठा जास्त खरा वाटतो. बाटली फ्रिजच्या दारात गेली, कोकमाच्या आगळाच्या शेजारी.

पुढे त्याच गृहस्थांनी सांगितलं की खाजगी माणसाने उचललेला नमुना दाव्यात सहसा टिकत नाही. मधल्या काळात तो कोणाकोणाच्या हातात होता याची सरकारी नोंद लागते. हे आधी सांगितलं असतं तर आईचं लोणचं तरी वाचलं असतं.

या फेऱ्यांत मला एक गोष्ट कळली : तेलाला जहाजाचं नाव असावं लागतं. 6 जून 2000 ला रिव्हर प्रिन्सेस हे जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्यावर रुतलं आणि 2012 पर्यंत तिथेच होतं. तेवढ्यात मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत सार्दिन, पर्रीकर, राणे, कामत आणि पुन्हा पर्रीकर बसून झाले. पण जहाज डोळ्यांसमोर होतं, म्हणून निदान भांडण तरी चालू राहिलं. ऑक्टोबर 2019 मध्ये नुशी नलिनी हे नाफ्त्याने, म्हणजे पेट्रोलसारख्या पेट घेणाऱ्या तेलाने भरलेलं जहाज वादळात वाहत येऊन दोना पावलाला, अगदी राजभवनाच्या खालच्या खडकांत अडकलं. तेव्हा सरकार, विरोधक, पोलीस सगळे जागे झाले. केरळात जहाज बुडालं तर सरकारने ती राज्याची आपत्ती जाहीर केली, मच्छीमार कुटुंबांना 1000 रुपये आणि 6 किलो तांदूळ दिले आणि हायकोर्टात 9,531 कोटींचा दावा लावला. तांदूळ थोडा आहे, मान्य. पण दावा लावायला समोर कोणीतरी होतं.

आमच्या तेलाला बाप नाही. निनावी तेलालाही आंतरराष्ट्रीय निधीतून भरपाई मिळू शकते, पण ते टँकरचंच होतं हे सिद्ध करावं लागतं, आणि दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. टँकर नसलेल्या जहाजाचं तेल त्यात बसतच नाही. आणि सिद्ध केलं असतं तरी पुढचा प्रश्न होता : रोजची कमाई किती? आई किनाऱ्यावरच मासळी विकते, रोख. पावती कोण कोणाला देणार? तिचा हिशेब डोक्यात पक्का असतो, अगदी तीन वर्षांपूर्वी कोणी किती पैसे बुडवले तेसुद्धा. पण डोकं अर्जाला जोडता येत नाही. तेव्हापासून मी वही घातली आहे. तारीख, कुठली मासळी, किती टोपल्या, किती पैसे. आई रोज संध्याकाळी सांगते आणि रोज म्हणते, "कोणाक दाखवतलंस ह्यां?"

एका आमदारांनी अधिवेशनात प्रश्न घालतो म्हणून माझ्याकडून सगळं फोनवर लिहून घेतलं. अधिवेशन संपलं. भेटले तेव्हा म्हणाले, "पुढच्या वेळेस नक्की." माणूस वाईट नाही, लग्नाला आला होता.

ऑक्टोबरात एका कचेरीतल्या कारकून बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. माझ्या आईच्या वयाच्या. म्हणाल्या, "बाय, जाळं विकत घ्यायला अनुदानाची योजना आहे, नेहमीचीच. त्यात घाल. पण हे तेल-बिल काढ. तेल म्हटलं की फाईल वर जाते, आणि वर गेलेली फाईल खाली येत नाही." मी म्हटलं, मग कारण काय लिहू? "जाळं जुनं झालं. जाळं जुनं होतंच ना?"

बाबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घाल." मी जुन्या अर्जातला मधला परिच्छेद काढला. होडीची नोंदणी, बँकेचं पासबुक, आधार, जाळ्याचं बिल जोडलं. पाच महिने मी ज्यासाठी फिरले तो शब्द अर्जात कुठेच नव्हता. फेब्रुवारीत पैसे जमा झाले. पूर्ण खर्चाचे नव्हेत, पण नव्या जाळ्याला हातभार लागला.

म्हणजे सरकारी कागदाप्रमाणे त्या जूनमध्ये आमच्या किनाऱ्यावर काही आलंच नाही. एका म्हाताऱ्या मच्छीमाराचं जाळं जुनं झालं, एवढंच.

गेल्या रविवारी आई फ्रिज साफ करत होती. बाटली हातात घेऊन विचारलं, "ह्यां टाकू?" बाबा पडवीत नव्या जाळ्याला तरंगायच्या बोयी बांधत होते. तिथूनच ओरडले, "रवांदे." आईने बाटली पुसली आणि आगळाच्या मागे ठेवली.