तुम्ही विचारलंत म्हणून: बोर्ड कुठला घेऊ?

ऑफिसात, लग्नात, परवा तर विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली असताना, कोणी ना कोणी विचारतंच की सर्फिंग शिकायचंय, बोर्ड कुठला घेऊ? घेऊच नका आत्ता, भाड्याने मिळतो. आणि हे सांगतेय कोण, तर जिच्या कांदिवलीच्या बाल्कनीत ६ फुटी बोर्ड उभा आहे आणि आई त्यावर ओले टॉवेल टाकते ती.

शिकायच्या आधीच घेतला होता, सेकंडहँड, फायबरग्लासचा, टोकदार, दिसायला एकदम भारी. व्हॉल्यूम ३५ लिटर, माझं वजन ६८ किलो. ढोबळ हिशोब असा की १ लिटर साधारण १ किलो तरंगवतं, त्यामुळे मी पालथी झोपले की बोर्ड पाण्याखाली, हात मारून मारून खांदे गेले तरी वेग येईना, आणि लाट आपली खालून निघून जायची. लाट पकडायची तर ती येईपर्यंत आपणही वेगात असावं लागतं ना.

मग मत्स्यगंधा एक्सप्रेस पकडून उडुपी, तिथून मुल्की, कर्नाटकातलं सर्फिंग शिकवणारं किनाऱ्यावरचं गाव. कोचने हातात दिला ८ फुटी निळा फोमचा धोंडा, ७५ लिटरचा. लाजच वाटली. पण तो डोक्यात बसला तरी टेंगळावर भागतं. पहिला अर्धा तास वाळूवरच, हात बरगड्यांशी, एका झटक्यात उभं राहायचं. मी आधी गुडघा टेकायचे, ती खोड जायला दोन दिवस गेले. पाण्यात चार बोटं पुढे सरकलं की बोर्डाचं नाक घुसून कोलांटी, मागे राहिलं की शेपूट बुडून ब्रेक. तिसऱ्या दिवशी, आधीच फुटलेल्या फेसाळ लाटेवर, उभी राहिले, मोजून तीन सेकंद, आणि अशी किंचाळले की मासे वाळत घालणाऱ्या मावशी हसायलाच लागल्या.

जुहूला का नाही? अहो, पावसाळा सोडला तर आपला समुद्र जवळपास सपाट, आणि पावसाळ्यात खवळलेला. अक्सा बीचवर माणसं बुडाल्याच्या बातम्या वाचता ना?

तरी घ्यायचाच असेल तर ८-९ फुटी सॉफ्टटॉप, म्हणजे तसलाच फोमचा बोर्ड, तेवढ्याच लांबीचा लीश, म्हणजे बोर्ड घोट्याला बांधायची दोरी, आणि आधी बिल्डिंगची लिफ्ट मोजा. माझा ६ फुटीही तिरका करूनच चढला होता. तो विकायचाय, पण शिकाऊ माणसाला देणार नाही.