ओल्या टी-शर्टचं वजन

सोमवार

पावसाने सकाळी जरा उघडीप दिली म्हणून मालवणात चिवल्याच्या किनाऱ्याच्या बाजूला धावून आले. स्पर्धेला कोणत्या कापडाचा टी-शर्ट घालायचा ते ठरवायचंय. अंगात जुना सुती टी-शर्ट. निघण्यापूर्वी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन बघितलं होतं, परत आल्यावर न पिळता तसाच पुन्हा ठेवला. दुपटीच्या वर गेला. पावसाचा एक थेंब अंगावर पडला नव्हता, सगळा घामच. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "आता त्या काट्यार पीठ कोण मोजतला?" काटा दोनदा घासून ठेवला.

बुधवार

तीच वाट, तेवढाच वेळ, अंगात पॉलिएस्टरचा पातळ टी-शर्ट. काट्यावर तोही वाढला, पण सुतीच्या मानाने फारच थोडा. आणि तोही सुकला मात्र अजिबात नव्हता. दुकानात "ड्राय-फिट, घाम लगेच सुकतो" असं सांगून विकतात ते पुण्यात खरं असेल. श्रावणात मालवणात घाम कुठेच जात नाही. हवेतच आधी इतकं पाणी आहे की अंगावरचं पाणी उडून जायला जागा नाही. घाम उडाला नाही की अंग थंड होत नाही, मग शरीर आणखी घाम काढतं.

तरीही पॉलिएस्टरच घेणार, कारण ते पाणी धरून ठेवत नाही. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत नुसतं ठेवलं तरी सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल ओढून घेतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. एक दिवस घामाचा, एक बिनघामाचा असं इथे नसतं, रोजच घाम. त्यामुळे टी-शर्ट सुकतो का हे बघायचं मी सोडून दिलंय. भिजल्यावर तो अंगाला चिकटून खाली लोंबतो का, काखेत घासतो का, एवढंच बघते.

हे सगळे उद्योग कशासाठी, तर भाचीने मला हायरॉक्समध्ये ओढलंय म्हणून. २०१७ मध्ये जर्मनीत सुरू झालेली स्पर्धा, मे २०२५ मध्ये पहिल्यांदा मुंबईत, गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात झाली. एक किलोमीटर धावायचं, मग एक कसरत, असं आठ वेळा. आम्ही दोघी महिला दुहेरीत. धावायचं दोघींनी बरोबर, कसरती वाटून घ्यायच्या. "आत्या, निम्मंच तर आहे," असं म्हणून तिने मला गटवलं. आठ किलोमीटर निम्मे होत नाहीत हे तिने नाव नोंदवून झाल्यावर लक्षात आणून दिलं.

गुरुवार

या स्पर्धेचे कपडे निवडणं अवघड का, ते आज जेवताना सांगायचा प्रयत्न केला. कुणी ऐकलं नाही, म्हणून इथे लिहिते. नुसतं धावायचं असतं तर आखूड चड्डी आणि बिनबाह्यांचा टी-शर्ट पुरला असता. पण इथे बर्पी ब्रॉड जंप, म्हणजे पालथं पडून उठायचं आणि पुढे लांब उडी मारायची, ८० मीटर आहे, त्यात दर वेळी छाती जमिनीला टेकवायची. खांद्यावर १० किलोची वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर लंजेस, म्हणजे गुडघ्यात वाकून लांब पावलं टाकत जायचं, त्यात दर पावलाला मागचा गुडघा जमिनीला टेकला पाहिजे. रोइंगला, म्हणजे वल्ही मारायच्या यंत्रावर, मांड्या पोटापर्यंत येतात. ४ किलोचा चेंडू भिंतीवर फेकताना पूर्ण खाली बसायचं. म्हणजे एकाच कपड्यात धावायचं, लोळायचं, गुडघ्यावर यायचं आणि बैठका मारायच्या.

म्हणून आखूड चड्डी बाद. घोट्यापर्यंतची लेगिंग घेणार, गुडघ्याला कातडी सोलून घेण्यापेक्षा गरम झालेलं परवडलं. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्या लेगिंग जाड दिसतात. घरी आणून खिडकीशी उजेडात खाली बसून मागून कुणाला तरी बघायला लावायचं. हे काम सासूबाईंनी केलं आणि एक लेगिंग त्यांनीच नापास केली. दुसरीचा कमरेचा पट्टा बसल्यावर गुंडाळत खाली आला. तिसरी टिकली. पास झालेल्या लेगिंगवरही शेरा आलाच: "बाजारात जाताना ह्याच्यार काय तरी घाल गो बाय." बाजारात घालते मी कुर्ता वरून. सकाळी किनाऱ्यावर नाही घालत. सुरुवातीला दांडी किनाऱ्यावरच्या बायका बघायच्या, आता विचारतात स्पर्धा कधी आहे.

शुक्रवार, रात्री

स्पोर्ट्स ब्रा. यावर कुणी नीट लिहीत नाही, आणि बाईच्या अंगावरचा सगळ्यात कामाचा कपडा हाच आहे.

कुडाळला एका दुकानात गेले होते. विक्रेत्याने माझ्याकडे न बघता "मीडियम होईल" असं म्हणून डबा पुढे केला. मीडियम म्हणजे काय, कुणाचं? छातीखाली टेप लावून माप घ्यायचं असतं, कारण भार पेलतो तो छातीखालचा पट्टा, खांद्यावरच्या पट्ट्या नव्हेत. पट्टा घट्ट हवा, पण दोन बोटं आत गेली पाहिजेत आणि खोल श्वास घेता आला पाहिजे. दोन्ही हात डोक्यावर नेले आणि पट्टा वर सरकला, तर तो सैल आहे, ठेवून द्यायचा. मी ट्रायल रूममध्ये उड्या मारल्या. बाहेर आवाज गेला असणार. जाऊ दे. शेवटी भाचीने मुंबईहून दोन पाठवल्या. एकीचा हूक मागे, मधोमध पाठीच्या कण्यावर. दुहेरीत बर्पी मारताना तो टोचत नाही, पण जिमच्या चटईवर पाठीवर झोपून पोटाचे व्यायाम केले की जाणवतो. स्पर्धेत पाठीवर झोपायचं नाहीये, म्हणून तीच घेणार. सरावाला दुसरी.

पैसे खर्च करायचे ते आधी इथे, मग बुटांवर. टी-शर्ट मालवणच्या सोमवार पेठेतला स्वस्तातला चालतो.

शनिवार

बूट. मऊ जाड तळव्याचे धावायचे बूट माझ्याकडे आहेत, आठ किलोमीटरला गोड वाटतात. पण लंज मारताना पाय त्यात डुलतो, आणि वजन ढकलताना जोर तळव्याच्या फोमातच मुरतो. महिलांच्या खुल्या गटात आणि आमच्या दुहेरीतही ढकलायची स्लेड, म्हणजे वजनं लादलेली बिनचाकांची गाडी, १०२ किलोची असते, स्लेडसकट. ओढायची ७८ किलोची. वजन उचलायचे सपाट कडक बूट घातले तर स्लेड छान जाईल आणि धावताना पिंढऱ्या ओरडतील. म्हणून मधला मार्ग: तळवा फार उंच नाही, जरा कडक, आणि बोटांखाली खरखरीत रबर असलेला. संध्याकाळी जाऊन घेतले, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवली.

शेजारचे बाबा आयुष्यभर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायच्या कामाला, होते. जिमला सुट्टी म्हणून आज मी त्यांच्या वाड्यात टायरला दोर बांधून ओढत होते, तर खळ्यात बसून बघत होते. "पायांत ह्यां कित्याक? रेवेत पाय रुतलो काय जोर आपसूक येता." खरं आहे त्यांचं, रेवेत, म्हणजे वाळूत. नेस्कोत रेव नाही. पण त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली ती थेट उपयोगाची निघाली: दोर मनगटाने नाही, अंग मागे टाकून ओढायचा, हात नुसते धरायला. तसं ओढल्यावर तळहात कमी सोलले. हातमोजे आणलेले होते ते काढून टाकले. घामाने भिजले की आतल्या आत फिरतात.

बूट वाळवणं हा वेगळा प्रपंच. धावून आल्यावर आतला तळवा काढून बाजूला, बुटात वर्तमानपत्राचे बोळे, दर काही तासांनी बदलायचे, रात्री फ्रिजच्या मागच्या बाजूला. चुलीच्या वर नाही ठेवायचे, डिंक सुटतो. गेल्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या बुटांना हिरवी बुरशी आली होती. वाळूवर धावायचं तेव्हा बूट नाहीतच, ओल्या कडेने अनवाणी, थोडंच. खारं पाणी बुटाला लागलं की गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय सुटका नाही.

मोज्यांचं मात्र आधी कळलं ते बरं झालं. वेळ मोजायची चिप घोट्याला पट्ट्याने बांधतात. आखूड मोजे असतील तर तो पट्टा आठ किलोमीटर कातडीवर घासणार. म्हणून घोट्याच्या वर येणारे मोजे, पातळ, नायलॉनमिश्रित.

रविवार

आज पूर्ण वेशात सराव. मांड्यांना, काखेत आणि ब्राच्या पट्ट्याखाली व्हॅसलिन. सासूबाईंनी खोबरेल सुचवलं होतं, पण तेल कपड्यात उतरतं आणि पॉलिएस्टर तो वास सोडत नाही. धुताना सुवासिक फॅब्रिक कंडिशनरही घालत नाही, त्याचा थर बसला की कापड अंगावरचा घाम बाहेर खेचत नाही.

पिशवीत सुती वस्तू एकच: पंचा. त्याचं कामच पाणी पिऊन घेणं आहे, आणि पिशवीतलं दुसरं काही तितकं पीत नाही.

संध्याकाळी भाचीने कुरिअरने दोघींचे सारखे टी-शर्ट पाठवले. गडद निळे, छातीभर प्लास्टिकची छपाई, "आत्या-भाची" असं मोठ्या अक्षरांत. हाताला रबरासारखं लागतं. घालून दहा बर्पी मारल्या आणि ती सगळी छपाई छातीला चिकटून बसली. तिला कळवलं: हा टी-शर्ट कोकणकन्येत घालीन, फोटोत घालीन, स्पर्धेत माझा सोमवार पेठेतला घालीन. उत्तरादाखल नुसता अंगठा आलाय. म्हणजे रागावलीय. उद्या फोन करते.